नावाजलेले अल्बम पहिल्यांदा ऐकताना: नवख्या कानासाठी वाटाड्या

मागच्या वर्षी मी ठरवून, दर आठवड्याला एक याप्रमाणे, जगभरातले नावाजलेले अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायला घेतले. माझा कान घडला तो सकाळच्या रेडिओवरच्या अभंगांवर, नाट्यगीतांवर, भावगीतांवर आणि हिंदी सिनेमावर. जॅझ, रेगे, मेटल, रॅप ही नावं ठाऊक होती, पण सलग चाळीस मिनिटं त्यांच्यापुढे कधी बसलो नव्हतो.

पहिले दोन महिने वाया गेले. मी अल्बमबद्दल आधी वाचायचो, त्याची थोरवी समजून घ्यायचो आणि मग ऐकायचो. ऐकताना वाचलेलंच पुन्हा ऐकू यायचं. वहीत लिहायचो, ‘संगीताला कलाटणी देणारी निर्मिती’. दोन महिन्यांनी वही चाळली तर तिच्यात माझं स्वतःचं एकही वाक्य सापडेना, आणि त्या आठ अल्बमांमधली एकही सुरावट मला गुणगुणता येईना. मग क्रम उलटा करून पुन्हा पहिल्यापासून बसलो. आधी ऐकायचं, लगेच लिहायचं, वाचायचं सगळ्यात शेवटी. तो क्रम आणि वाटेत लागलेले खड्डे खाली सविस्तर देतो आहे.

काय काय लागेल

- दोन्ही कानांत नीट बसणारे हेडफोन. साधे वायरचे पुरतात.
- कुठल्याही एका संगीत अ‍ॅपचं असं खातं, ज्यात मधे जाहिराती येत नाहीत आणि गाणी डाउनलोड करता येतात.
- एक वही आणि पेन. फोनवर टिपणं काढू नका, फोन हातात आला की ऐकणं संपतं.
- आठवड्यातून दोन वेळा एकेक तास.
- घरात पेटी असेल तर उत्तम. नसेल तर फोनवरचं तानपुऱ्याचं किंवा पेटीचं अ‍ॅप.

रेकॉर्ड प्लेअर इतक्यात घेऊ नका. दहा अल्बम ऐकून झाल्यावर त्यांतले कुठले आयुष्यभर लागणार आहेत ते कळतं, मग तबकडीवर पैसे घालावेत.

१. यादी दहाचीच ठेवा

‘मरण्यापूर्वी ऐकावेत असे अमुक इतके’ छापाच्या याद्या मोठ्या असतात आणि चौथ्या-पाचव्या नोंदीला माणूस थकतो. शिवाय त्या बहुधा एकाच भाषेतल्या रॉकने भरलेल्या असतात. दहा अल्बम घ्या, प्रकार वेगवेगळे ठेवा आणि पहिला अल्बम ओळखीच्या अंगणातला असू द्या. माझी दुसऱ्या फेरीची यादी ही:

१. कॉल ऑफ द व्हॅली: शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा (१९६७)
२. काइंड ऑफ ब्लू: माइल्स डेव्हिस (१९५९)
३. एक्झोडस: बॉब मार्ले आणि द वेलर्स (१९७७)
४. व्हॉट्स गोइंग ऑन: मार्विन गे (१९७१)
५. ब्लू: जोनी मिचेल (१९७१)
६. द डार्क साइड ऑफ द मून: पिंक फ्लॉइड (१९७३)
७. ब्वेना व्हिस्ता सोशल क्लब: हवानाचे जुने कलावंत (१९९७)
८. पॅरानॉइड: ब्लॅक सॅबथ (१९७०)
९. अ लव्ह सुप्रीम: जॉन कोल्ट्रेन (१९६५)
१०. इलमॅटिक: नॅझ (१९९४)

पहिल्या क्रमांकाबद्दल थोडं. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाणारे जी. एन. जोशी पुढे एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत होते आणि संतूर, बासरी, गिटार एकत्र आणून काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रंगवायची ही कल्पना त्यांची. सुरुवात सकाळच्या अहीर भैरवाने होते आणि शेवट पहाडीने. तबल्याला माणिकराव पोपटकर. राग ओळखीचे असल्यामुळे डोकं ‘हे काय चाललंय’ या प्रश्नात अडकत नाही आणि अल्बम म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत नेणारी एक वाट असते, हे आपसूक कळतं. ते कळलं की पुढचे नऊ सोपे जातात.

२. बरोबर आवृत्ती शोधा

या पायरीवर सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सावकाश वाचा.

अ‍ॅपमध्ये अल्बमचं नाव टाकलं की एकाच नावाच्या पाच-सहा नोंदी येतात. ‘डिलक्स’, ‘वर्धापन आवृत्ती’, ‘रिमास्टर’ (जुनं मुद्रण नव्याने घासूनपुसून काढलेलं). मूळ अल्बम संपल्यावर यांत जादा गाणी, तालमीचे तुकडे, दुसऱ्या वेळी केलेलं ध्वनिमुद्रण असं बरंच काही जोडलेलं असतं. नवख्याला मूळ शेवट कुठे झाला हेच समजत नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’च्या सीडीतही मागे जादा तुकडे आले आहेत. पहाडी संपली, मेंढपाळाचा दिवस संपला, तिथे थांबायचं असतं. मी पहिल्यांदा तसाच पुढे ऐकत गेलो आणि दिवस संपल्याची ती शांतता मला मिळालीच नाही.

म्हणून ऐकण्यापूर्वी एकच गोष्ट तपासायची: मूळ एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, किती गाणी होती आणि शेवटचं कुठलं. एवढंच पाहा, पुढचं वाचू नका. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावत, त्यामुळे जुना एकेरी अल्बम पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा असतो. अ‍ॅप दोन तास दाखवत असेल तर तुमच्या हाती भलतीच आवृत्ती लागली आहे.

आणखी दोन खाचखळगे. ‘इलमॅटिक’सारख्या रॅपच्या अल्बमची शिवराळ शब्द कापलेली आवृत्तीही असते. ती घेऊ नका, कापलेल्या शब्दांच्या जागी ओळीचा ठेकाच तुटतो. (घरात लहान मुलं, वडीलधारी असतील तर हा अल्बम हेडफोनवरच.) दुसरं, चहूबाजूंनी आवाज येतो अशी हल्ली नव्याने मिसळलेली आवृत्ती बऱ्याच अ‍ॅपमध्ये आपोआप लागते. तिच्यात वाद्यांच्या जागा बदललेल्या असतात. पहिल्या ऐकण्याला साधी स्टिरिओ (नुसती डावी-उजवी बाजू असलेली) बरी.

पेटी घेऊन बसणाऱ्यांसाठी खास सूचना. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित होताना यंत्रावरची टेप किंचित संथ फिरत होती. त्यामुळे जुन्या तबकड्यांवर त्या तिन्ही किंचित चढ्या सुरात ऐकू येतात आणि पेटीशी जुळत नाहीत. १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत ही चूक दुरुस्त झाली. सूर जुळत नसेल तर आपल्या कानाला दोष देण्याआधी आवृत्ती बदलून पाहा.

३. अ‍ॅपच्या चार खोड्या बंद करा

पाच मिनिटांचं काम आहे, एकदाच करायचं.

शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय) बंद. एका गाण्यात दुसरं मिसळवणारी सोय बंद. दोन गाण्यांमध्ये खंड पडू न देणारी सोय चालू. अल्बम संपल्यावर आपोआप ‘यासारखं आणखी’ लावणारी सोय बंद.

शेवटची सर्वांत महत्त्वाची. अल्बम संपला की खोलीत जी शांतता पसरते तिच्यातच खरी प्रतिक्रिया उमटते, आणि त्याच क्षणी अ‍ॅप भलतंच गाणं सुरू करतं. ‘डार्क साइड ऑफ द मून’ हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच विरतो. मधली गाणी एकातून दुसऱ्यात वाहत जातात, त्यात अर्ध्या सेकंदाचाही खंड पडला तर टोचतो. माझ्या जुन्या फोनवर तो पडत होता आणि मला वाटलं, या मंडळींनीच असं जोडलंय.

फोनच्या सेटिंगमध्ये दोन्ही कानांत एकच आवाज देणारी सोय असते, तीही बंद आहे ना पाहा. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये दोन सॅक्सोफोन आहेत: कोल्ट्रेनचा डाव्या कानात, कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा उजव्या कानात, आणि मधोमध माइल्सचा ट्रम्पेट. एका कानात इयरबड लावून भांडी घासत ऐकलं तर त्या बैठकीतला एक माणूस हरवतो.

४. पहिलं ऐकणं: बसा आणि काही करू नका

अल्बम डाउनलोड करा, फोन विमान मोडवर टाका आणि पालथा ठेवा. दिवा मंद हवा, अगदी बंद नको, झोप लागते. जेवणानंतर लगेच बसू नका.

या वेळी गाण्याचे बोलही वाचायचे नाहीत. बोल समोर आले की डोळे पुढे धावतात आणि कान मागे पडतो. इंग्रजी कळत नाही म्हणून संकोचणाऱ्यांना तर मी मुद्दाम सांगेन की पहिल्या वेळी शब्द सोडून द्या. ‘ब्वेना व्हिस्ता’ स्पॅनिशमध्ये आहे, मला एक अक्षर कळलं नाही, आणि इब्राहिम फेररच्या आवाजातला थकवा व गोडवा पहिल्या फेरीतच पोचला.

अर्ध्यावर वाटलं की बदलावं, तर बदलू नका, पण एलपीची बाजू जिथे संपते तिथे थांबायची मुभा आहे. जुन्या ऐकणाऱ्याला तिथे उठून तबकडी उलटावी लागायची, आणि कलाकार तो क्षण धरून गाण्यांचा क्रम लावायचे. ‘एक्झोडस’ याचा उत्तम नमुना. डिसेंबर १९७६ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला मार्लेवर गोळीबार झाला, त्यानंतर तो लंडनला गेला आणि तिथे हा अल्बम झाला. पहिल्या बाजूवर धर्म, अन्याय, निर्वासन यांची गाणी. दुसरीवर नाच, प्रेम, दिलासा. मधे दोन मिनिटं उठून पाणी प्यायलो तेव्हा दुसरी बाजू दार उघडून ऊन आत यावं तशी वाटली. सलग ऐकलं तेव्हा तो बदल जाणवलाच नव्हता.

याच अल्बमची सुरुवात फार हळू आवाजात होते आणि गाणं लांबून चालत येतं. घाईने आवाज वाढवू नका, अर्ध्या मिनिटात कानठळ्या बसतील.

५. लगेच लिहा, पण तीनच गोष्टी

शांतता दोन मिनिटं राहू द्या आणि वही उघडा. मी ठरवून घेतलेले तीन प्रश्न:

- कुठल्या क्षणी अंग सावध झालं? (साधारण कुठे ते लिहा: ‘पहिलंच गाणं, ट्रम्पेट सुरू होताना’)
- कुठे मन भरकटलं?
- काय गुणगुणता येतंय?

‘छान’, ‘अप्रतिम’, ‘कालातीत’ हे शब्द वापरायचे नाहीत असा नियम करा. या शब्दांनी काहीच सांगितलं जात नाही, आणि लिहून झाल्यासारखं मात्र वाटतं. तारे किंवा गुणही देऊ नका. एकदा दहापैकी सात लिहिलं की पुढच्या वेळी मन तो आकडाच राखत बसतं.

माझ्या वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा देतो, म्हणजे किती साधं लिहायचं ते कळेल.

मार्विन गे: ‘एकच माणूस स्वतःलाच साथ देतोय का? दोन आवाज, दोन्ही त्याचेच. बोलत बोलत गातो. गाणी कुठे संपतात कळत नाही.’

जोनी मिचेल: ‘आवाज अचानक वर उडी घेतो, तिथे दचकलो. गिटार नेहमीच्या सुरांत नाही. एक गाणं अंगाईसारखं, हिरव्या रंगाबद्दल. तिथे आईची आठवण आली.’

पिंक फ्लॉइड: ‘शब्दांशिवाय गाणारी बाई. रडतेय की भांडतेय? त्यानंतर काही ऐकू नये असं वाटलं.’

काइंड ऑफ ब्लू: ‘काहीच घडत नाही. दोनदा भरकटलो. पण ओळखीचं काहीतरी आहे.’

या शेवटच्या नोंदीने मला पुढची पायरी शिकवली.

६. दुसरं ऐकणं: आपल्या कानाचा पूल शोधा

दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि त्याच आठवड्यात पुन्हा बसा. या वेळी एक प्रश्न घेऊन बसायचं: यातलं काय माझ्या कानाला आधीपासून माहीत आहे?

‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली रचना लावली आणि पेटी पुढ्यात ओढली. आधी पियानो आणि बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) ताल न धरता काहीतरी पुटपुटतात, आपल्याकडे आलाप असतो तसं. मग बास एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. बास पुन्हा, उत्तर पुन्हा. मी पांढरी दोन षड्ज धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि सगळं जुळलं. पांढरी दोनपासून पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. काफी थाट! ते लोक याला डोरियन म्हणतात.

सोळा मात्रांचं नव्हे, सोळा मापांचं हे अंगण, प्रत्येक माप चार मात्रांचं. मग आठ मापं सगळंच अर्ध्या सुराने वर सरकतं, काळी दोनवर. तीच सुरावट, तोच थाट, फक्त षड्ज हलला. आठ मापं तिथे राहून मंडळी पुन्हा पांढरी दोनवर परततात. हे बत्तीस मापांचं आवर्तन मिनिटाभरात पुरं होतं आणि तेच पुनःपुन्हा फिरत राहतं, त्यावर आधी माइल्स, मग कोल्ट्रेन, मग अ‍ॅडर्ली, मग पियानोवर बिल एव्हन्स आपापली बढत करतात. पहिल्या वेळी ‘काहीच घडत नाही’ असं मी लिहिलं ते एका अर्थी बरोबरच होतं, कारण बदलत्या स्वरसंघांची (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांची) धावपळ माइल्सने मुद्दाम काढून टाकली होती. एका थाटात थांबून काय काय सांगता येतं हे त्याला पाहायचं होतं. आपल्या कानाला ती जागा नवी नाही. त्या संध्याकाळी तो सरकणारा षड्ज मी डोळे मिटून पकडायला शिकलो. आता तो येण्याआधीच अंगाला कळतं, समेसारखं.

पूल शोधताना एक धोका मात्र लक्षात ठेवा. थाट काफी आहे, राग काफी नाही. चलन, वर्ज्य स्वर, न्यास हे नियम तिथे लावायला गेलात तर ‘यांना नीट येत नाही’ अशा भलत्याच निष्कर्षावर पोचाल. पूल ओलांडून पलीकडे जायचं असतं.

रेगेसाठी, म्हणजे ‘एक्झोडस’साठी, माझा पूल ताल हा होता. आपलं मन पहिल्या मात्रेवर, समेवर, जोर शोधत असतं. रेगेच्या पुष्कळ गाण्यांत नेमकी पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि ढोलाचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो. सुरुवातीला पायरी चुकल्यासारखं होतं. हाताने टाळी देत बसा: एक रिकामी, तीनवर टाळी. पाच मिनिटांत खांदे सैल होतात.

जॅझबद्दल आणखी एक सांगायला हवं. तुम्ही सी. रामचंद्र ऐकले असतील तर जॅझ तुमच्या कानात आधीच येऊन गेलं आहे. गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर काम करायचा. ‘अलबेला’ (१९५१) पुन्हा ऐका आणि मागचे ट्रम्पेट, क्लॅरिनेट धरा. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी जे पेरलं, त्यामुळे ‘काइंड ऑफ ब्लू’तला ट्रम्पेट मला परका वाटला नाही, फक्त फार एकटा वाटला.

७. आता वाचा

दोनदा ऐकून झालं, वहीत तुमचं लिहून झालं. आता गाण्याचे बोल, वेष्टनावरचा मजकूर, कलाकाराची हकिगत, सगळं मोकळेपणाने वाचा. या टप्प्यावर वाचलेलं तुमच्या प्रतिक्रियेला पुसत नाही, तिच्याशी बोलतं.

जोनी मिचेलचं ते अंगाईसारखं गाणं तिने दत्तक द्यावी लागलेल्या आपल्या मुलीसाठी लिहिलं होतं. १९६५ मध्ये ती मुलगी झाली, आणि मायलेकींची भेट १९९७ मध्ये झाली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे जोनीच्या डाव्या हातात जोर कमी, म्हणून गिटारच्या तारा तिने स्वतःच्या सोयीने लावल्या. ‘नेहमीच्या सुरांत नाही’ ही माझी नोंद तिथे उलगडली. पिंक फ्लॉइडच्या अल्बममधली ती बाई म्हणजे क्लेअर टॉरी. एका संध्याकाळच्या गाण्याचे तिला तीस पौंड मिळाले होते, आणि रचनेच्या श्रेयात तिचं नाव येण्यासाठी २००५ साल उजाडावं लागलं. हे वाचून मला राग आला, आणि तो रागही वहीत लिहिला.

पण वाचल्यामुळे ऐकणंच बदललं, असं झालं ते ‘पॅरानॉइड’च्या वेळी. पहिल्या दोन फेऱ्यांत मला हा अल्बम जड गेला. वहीत एवढंच होतं: ‘गिटार लोखंडासारखी. दुपारी ऐकावं, रात्री नको.’ मग वाचलं की ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला.

माझी नोकरीची पहिली सहा वर्षं भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राखाली पत्रा दाबायच्या खात्यात, गेली. पॉवर प्रेस खाली येते तेव्हा जमीन हादरते, आणि तो हादरा पायांतून छातीत येतो. पेर गेलेली बोटं मी रोज पाहायचो. डबा खाताना, बसच्या दांडीवर, दसऱ्याला यंत्राला हार घालताना. तिसऱ्यांदा ‘पॅरानॉइड’ लावला तेव्हा त्या गिटारमध्ये मला तीच जमीन ऐकू आली. कारखान्याच्या गावातल्या पोरांनी केलेलं हे संगीत आहे आणि मी त्याला परकं समजून बसलो होतो. आता महिन्यातून एकदा तरी तो लागतो.

रॅपला बोल वाचल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून ‘इलमॅटिक’ची तिसरी फेरी कागद हातात घेऊन करा. नॅझ तेव्हा वीस वर्षांचा होता आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतलं आयुष्य सांगत होता. यमक ओळीच्या शेवटीच शोधू नका, ओळीच्या पोटातही यमकं आहेत. पेन्सिलीने अधोरेखित करत गेलात की जाळं दिसायला लागतं. तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस एक कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) वाजतं. ते वाजवणारा ओलू दारा हा जॅझवादक, नॅझचा बाप. हे कळल्यावर मी तेवढाच तुकडा पाच वेळा ऐकला.

८. नाही झेपलं तर तारीख टाकून ठेवा

‘अ लव्ह सुप्रीम’ मी पहिल्या वेळी पुरा करू शकलो नाही. तेहतीस मिनिटांचा, चार भागांचा अल्बम. पहिल्या भागात बासवर चार स्वरांचा एक छोटा घोष सुरू होतो आणि कोल्ट्रेन तो निरनिराळ्या पट्ट्यांत फिरवत नेतो, इथवर ठीक होतं. तिसऱ्या भागातला वेग आणि किंचाळणं सोसेना. बंद केलं आणि लिहिलं: ‘दमलो. तिसऱ्यात सोडलं.’ खाली तारीख.

अशा वेळी दोन चुका होतात. एक, ‘मला कळत नाही’ म्हणून स्वतःला कमी लेखणं. दुसरी, ‘यात काही नाही’ म्हणून अल्बमला कमी लेखणं. दोन्ही टाळा. नोंद ठेवा, तीन महिने जाऊ द्या, आणि वेळ व जागा बदलून पुन्हा बसा. मी नंतर पहाटे साडेपाचला बसलो, घर झोपलेलं असताना. मधल्या काळात वेष्टनावरचा मजकूर वाचला होता. हा अल्बम कोल्ट्रेनने ईश्वराला अर्पण केलेला आहे, आणि चौथ्या भागात तो स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्द-शब्द म्हणतो, तोंडाने एक अक्षर न उच्चारता. आपल्याकडे गायकी अंगाने वाजवणं म्हणतात ते याहून वेगळं काय असणार? ती प्रार्थना समोर ठेवून चौथा भाग ऐका. ओळ संपते तिथे वाक्य संपतं, ‘थँक यू गॉड’ कुठे येतं ते बोटाने दाखवता येतं. तिसऱ्या भागातली ती ओढाताण या शांततेआधी लागतेच, हे मला त्या पहाटे पटलं.

सगळेच अल्बम असे परत येत नाहीत. पहिल्या फेरीतले दोन अजून बंद आहेत, त्यांच्यापुढे नुसत्या तारखा आहेत.

९. शेवटी एक जोडी ऐका

दहा झाले की एका माणसाने एकच रचना दोनदा मुद्रित केलेली ऐका. जुना जर्मन संगीतकार बाख याचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, पियानोवर ग्लेन गूल्ड. पहिलं मुद्रण १९५५चं, तेव्हा तो बावीस वर्षांचा. दुसरं १९८१चं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी तो गेला. दोन्ही मुद्रणं न्यूयॉर्कच्या एकाच स्टुडिओतली. पूर्वी तिथे चर्च होतं, आणि ‘काइंड ऑफ ब्लू’ही तिथेच झाला.

सगळं एकदम ऐकायला जाऊ नका. आधी दोन्हींतली फक्त सुरुवातीची एरिया, म्हणजे मूळ सुरावट, लागोपाठ लावा. स्वर तेच, क्रम तोच. तरुण गूल्ड ती दोन मिनिटांच्या आत उरकतो, नंतरचा तिला तीन मिनिटं देतो. वहीत मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने करा आणि प्रत्येकात तेच तीन प्रश्न लिहा. वाजवताना तो गुणगुणतो, ते मागे ऐकू येतं. ध्वनिमुद्रणातला दोष समजून हेडफोन बदलू नका. मग मधल्या तीस तुकड्यांकडे वळा. १९५५चं अडतीस मिनिटांचं आहे, ते आठवड्याच्या एखाद्या संध्याकाळी होईल. १९८१चं एक्कावन्न मिनिटांचं, ते रविवार सकाळसाठी ठेवा.